ज्येष्ठांना ईमेल शिकवताना आधी काय शिकवावं: पुसणं की जपणं?

पूर्णाकाठ, परभणी

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या वाचनालयात रविवारी सकाळी आम्ही दोघी-तिघी मिळून ज्येष्ठांना मोबाइल शिकवतो. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. निवृत्त गुरुजी, एसटीतले, जिल्हा परिषदेतले, काही शेतकरी आणि आयुष्यभर घर सांभाळलेल्या बायका. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांना येतं, युट्यूबवर कीर्तनही लावतात. ईमेल म्हटलं की मात्र हात आखडतो.

माझा प्रश्न शिकवण्याच्या क्रमाचा आहे. सगळीकडे सुरुवात "नको ते मेल डिलीट करा, जागा मोकळी करा" अशी होते. मला ते उलटं वाटतं. या माणसांना मेलवर गप्पा मारायच्या नसतात. त्यांच्यासाठी मेल म्हणजे कागदांची ट्रंक आहे. पेन्शनचं, बँकेचं, इन्कम टॅक्सचं, विम्याचं सगळं तिथं येऊन पडतं. म्हणून आधी मेल शोधायचा कसा, त्यातला कागद फोनमध्ये उतरवायचा कसा आणि गरजेच्या दिवशी सापडेल असा ठेवायचा कुठं, हे शिकवावं. पुसणं नंतर. पहिल्याच दिवशी पुसायला शिकवलं तर ज्याला काय ठेवायचं तेच माहीत नाही, तो भलतंच पुसून बसतो.

तुमच्या घरात, गावात काय अनुभव आहे? मोकळेपणानं लिहा.

मांजरातीर, लातूर

ताई, चांगला धागा. जपणं आधी, याला माझं अनुमोदन. पण त्याच्याही आधीचा एक धडा आहे: खातं नक्की कोणाचं आहे?

आमच्याकडे ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात माणूस आधार घेऊन जातो. फॉर्मला ईमेल लागतो, याच्याकडे नसतो. दुकानदार दोन मिनिटांत आयडी काढून देतो. घाई त्यालाही असते, बाहेर रांग असते. पासवर्ड ठेवतो नाव आणि पुढं एकदोनतीन, आणि रिकव्हरीला नंबर देतो दुकानाचा, कारण ओटीपी चटकन मिळतो. काम होतं, माणूस घरी येतो. पुढं चार वर्षांनी फोन बदलला की गुगल विचारतं, "या नंबरवर कोड पाठवू का?" आणि तो नंबर असतो दुकानाचा. तोवर दुकान बंद झालेलं असतं, नाहीतर पोरगा पुण्याला गेलेला असतो. माझ्या चुलत्यांचं असंच झालं. त्यांच्या विम्याच्या पावत्या त्या खात्यात आहेत आणि खातं त्यांच्या हातात नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर जीमेल उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि गुगल खात्याच्या पानावर जा. तिथं सिक्युरिटीमध्ये रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दिसतात. स्वतःचा नंबर नसेल तर तिथल्या तिथं बदला. पासवर्ड ठाऊक नसला तरी घाबरू नका. खातं त्याच फोनमध्ये चालू असेल तर "पासवर्ड विसरलात" वर गेल्यावर बऱ्याचदा फोनचं लॉक उघडून ओळख पटवता येते. मात्र हे जुना फोन हातात असतानाच करायचं, नवा घेतल्यावर नाही. आणि नंबर बदलल्यावरही आठवडाभर जुन्या नंबरवर कोड जाऊ शकतो, तेवढे दिवस ध्यान ठेवायचं.

जवारीचीभाकर, जालना

मला हे सगळं ओढूनताणून वाटतं. सत्तरीच्या माणसाला ईमेल कशाला? कागद असेल तर पोरगा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, काम भागतं. उगा डोक्याला ताप.

वाहकभाऊ, बीड

जवारीचीभाकर, तुमचं वय काय ते मला माहीत नाही, पण मी पासष्टीचा आहे आणि एसटीतून निवृत्त आहे. माझी पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याच्या १९९५ च्या योजनेची. हयातीचा दाखला पूर्वी बँकेत जाऊन द्यायचो, आता जीवन प्रमाण म्हणून तोच ऑनलाइन देता येतो. २०१४ पासून ही सोय आहे आणि आता तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही होतं. आमच्या पेन्शनवाल्यांना सरकारी पेन्शनवाल्यांसारखी नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही, ज्या दिवशी दाखला दिला तिथून वर्षभर चालतो. पण वर्ष कधी भरतं हे कळायला मागच्या दाखल्याची प्रत हाताशी पाहिजे ना? ती मी मेलमध्ये ठेवतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर माझ्या सोबतच्या एकाचा फोन पाण्यात पडला. चॅटमधले सगळे कागद गेले, बॅकअप कधी चालूच केला नव्हता. मेल मात्र दुसऱ्या फोनवर जशाच्या तशा आल्या. एवढं एकच कारण मला पुरे.

जवारीचीभाकर, जालना

वाहकभाऊ, हे कारण पटलं. आमच्या तात्यांचे कागदही माझ्या एकट्याच्या चॅटमध्ये पडलेत. बघतो.

तेरणामाई, धाराशिव

मी अडुसष्ट वर्षांची आहे. फोनला बोलून लिहितेय, म्हणून काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी स्वतः शिकायलेय, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूनं सांगते.

माझी अडचण पुसण्याचीही नव्हती, जपण्याचीही नव्हती. माझे मेल आपोआप गायब व्हायचे. बँकेचा मेल आला, वाचायला बोट लावलं, बोट जरा सरकलं की मेल गेला. खाली काळ्या पट्टीवर काहीतरी यायचं आणि वाचेपर्यंत तीही जायची. नातवाला विचारलं तर म्हणाला, आजी तूच काढलास. मी काही काढलं नव्हतं. तेव्हापासून मी मेल उघडायलाच भ्यायचे. शिकवणाऱ्यांनी हे कधी बघितलंय का?

पूर्णाकाठ, परभणी

तेरणामाई, तुमचा प्रतिसाद वाचून मला आमच्या वर्गातल्या एक मावशी डोळ्यांपुढं आल्या. शेतात राबलेले हात, बोटांची टोकं कोरडी आणि कडक. फोनला स्पर्श पटकन कळत नाही, म्हणून त्या बोट दाबून धरतात. दाबून धरलं की मेल उघडत नाही, निवडला जातो आणि डावीकडं बरोबरची खूण येते. मग त्या बोट उचलायच्याऐवजी बाजूला सरकवतात, आणि सरकवलं की अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये मेल अर्काइव्ह होतो. त्यांचं काहीच चुकत नाही. फोन बनवणाऱ्यानं असं बोट कधी बघितलंच नाही.

तुमचा मेल गेलेला नाही. अर्काइव्ह म्हणजे समोरच्या यादीतून उचलून आत ठेवणं. डावीकडच्या तीन रेघा दाबा, खाली ऑल मेल आहे, तिथं सगळे सापडतील. आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये स्वाइप अ‍ॅक्शन्स आहे, दोन्ही बाजूंना "नन" (None, म्हणजे काहीच नाही) करा. आता हवं तितकं बोट सरकू द्या, मेल हलणार नाही. आमच्या वर्गात आम्ही हे सगळ्यांचं आधीच करून टाकतो. बोटाला किंचित ओलसर रुमाल लावला की स्पर्शही नीट कळतो.

तेरणामाई, धाराशिव

सापडले! सगळे सापडले. बँकेचे, गॅसचे, पोरीचे सुद्धा. ताई, देव भलं करो तुमचं.

खामनदी, छत्रपती संभाजीनगर

माझं काम संगणकाचंच आहे, म्हणून थोडं यंत्राच्या बाजूनं सांगतो.

अर्काइव्ह केलेला मेल कायम राहतो. डिलीट केलेला मेल ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी तिथून कायमचा जातो. स्पॅमचंही तसंच, ३० दिवस. म्हणून महिन्यातून एकदा स्पॅममध्ये डोकवायची सवय लावा, कारण कधीकधी विम्याचा खरा मेलही तिथं जाऊन बसतो.

आता जागेबद्दल. गुगल १५ जीबी फुकट देतं, पण ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांची मिळून आहे. ती भरली की मेल येणंही बंद होतं आणि जाणंही. मग माणूस घाबरून मेल पुसत सुटतो. पण साधा मेल किती जागा खातो? काही केबी. पाचशे मेल पुसले तरी एका लग्नाच्या व्हिडिओएवढी जागा होत नाही. खरी जागा खातात गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेले व्हॉट्सअ‍ॅपचे सुप्रभात आणि व्हिडिओ. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत धरला जातो. तेव्हा पूर्णाकाठ यांचा क्रम बरोबर आहे. जागा करायची तर फोटोजमधून करा, मेलला हात लावू नका. मेलमधलंच काढायचं असेल तर संगणकावर शोधपट्टीच्या उजव्या टोकाला जे चिन्ह आहे, त्यात आकार टाकून मोठे मेल वेगळे काढता येतात. दहा एमबीच्या वरचे बघा, पाच-पन्नासच निघतील.

दुधना, परतूर

मी थोडा विरोधात. माझ्या सासऱ्यांच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले हजारो मेल होते. कर्जाच्या जाहिराती, नोकरीच्या जाहिराती. बहात्तराव्या वर्षी नोकरीच्या! त्या ढिगात कामाचा मेल दिसणार कसा? आधी झाडलोट केलीच पाहिजे.

आम्ही रोज एक करायचं ठरवलं. जाहिरातीचा मेल उघडायचा, वर किंवा तळाला अनसबस्क्राइब असतं ते दाबायचं. ओळखीच्या दुकानाचा, कंपनीचा असेल तरच. अनोळखी माणसाच्या मेलमधली कोणतीही लिंक दाबायची नाही, तो सरळ स्पॅममध्ये टाकायचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत इनबॉक्स स्वच्छ झाला आणि त्यांची भीतीही गेली. पुसता येतं म्हटल्यावर त्यांना वाटलं, आता हे आपल्या ताब्यात आहे.

पूर्णाकाठ, परभणी

दुधना, भीती जाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पुसल्यानं माणसाला हुकमत आल्यासारखी वाटते, हे खरं. पण तुम्ही सोबत बसला होतात. आमच्याकडे माणूस रविवारी तासभर येतो आणि आठवडाभर एकटा असतो.

मांजरातीर, लातूर

दुधना, ढिगात मेल दिसत नाही याला शोध हा उपाय आहे. वरच्या पट्टीत बँकेचं नाव टाका, इंग्रजीत टाका, कारण मेल इंग्रजीत असतो. टाइप होत नसेल तर माइकचं चिन्ह दाबून बोला. खाली अटॅचमेंट असं बटण येतं, ते दाबलं की फक्त कागद जोडलेले मेल उरतात. हजारांतून दहा. आमच्या आबांना एवढं एक शिकवलं आणि त्यांचा नव्वद टक्के प्रश्न मिटला.

सातमाळा, किनवट

आमच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही. डोंगरातल्या वाडीवर तर घराच्या एकाच कोपऱ्यात टॉवर येतो. मेल दिसतो पण आतला कागद उघडत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून आम्ही शिकवताना एकच घोकून घेतो: बाजाराच्या दिवशी गावात आलात की रेंजमध्ये कागद डाउनलोड करून घ्या. मेलमध्ये दिसणं वेगळं आणि फोनमध्ये असणं वेगळं. लाइट नाही, नेट नाही, तरी फाइल्समधला कागद उघडतो.

बालाघाट, अंबाजोगाई

जरा अवांतर, पण जपण्याचंच आहे. मी निवृत्त मराठीचा शिक्षक. वीस वर्षांपूर्वी माझ्या कविता एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेऊन स्वतःच्या मेलवर मागवल्या होत्या. मेल अजून आहे. मोबाइलवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. माझ्या कविता आहेत आणि मला वाचता येत नाहीत. काही करता येईल का?

खामनदी, छत्रपती संभाजीनगर

येईल, सर. त्या काळी श्रीलिपी किंवा शिवाजीसारखे फॉन्ट चालायचे. त्यात अक्षर मराठी दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी. फॉन्ट नसला की खिचडी दिसते. फाइल शाबूत आहे. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथं उघडून आधी पीडीएफ करून घ्या, पीडीएफमध्ये अक्षराचं रूप सोबत बांधलं जातं आणि ती कुठल्याही फोनवर दिसते. जुन्या छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात फॉन्ट सापडतोच. नंतर फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणारी मराठी अक्षरं, करून घ्या. रफार आणि जोडाक्षरं थोडी मोडतात, ती तुम्हाला वाचून दुरुस्त करावी लागतील. मूळ मेल मात्र पुसू नका.

बालाघाट, अंबाजोगाई

फार उपकार झाले. मोडलेले रफार दुरुस्त करण्यात तर माझी सगळी नोकरी गेली, ते मी आनंदानं करीन.

गोलाईचौक, लातूर

अवांतर चालूच आहे तर माझंही घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींसाठी आमच्या भागात घराघरांतून निजामकाळातले कागद बाहेर निघाले. उर्दूतले, मोडीतले, हात लावला की तुकडा पडेल असे. लोकांनी फोटो काढले आणि एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिथं फोटो दाबून बारीक होतो, मोडीची रेघ पुसट होते. मग वाचणाऱ्याला काही लागत नाही. तोच फोटो मेलला जोडून स्वतःलाच पाठवला तर जसाच्या तसा राहतो, फक्त सगळं मिळून २५ एमबीच्या आत पाहिजे. विषयाच्या जागी गावाचं नाव, गट नंबर आणि आजोबांचं नाव लिहायचं. आमच्या भावकीतल्या वयस्कर मंडळींना मी एवढाच ईमेल शिकवला: स्वतःला पाठवायचा मेल.

वाहकभाऊ, बीड

स्वतःलाच मेल, ही युक्ती लई भारी. सातबाऱ्यालाही चालेल.

गोलाईचौक, लातूर

चालेल, पण एक सांभाळा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून उतरवला असेल तर ती मूळ फाइलच जोडा. तिचा स्क्रीनशॉट नको, नाहीतर पुन्हा प्रिंटमधून केलेली पीडीएफही नको. सही फाइलच्या आत असते, नवी पीडीएफ केली की ती तपासता येत नाही.

भीमाशंकरचापोर, सध्या पुणे, मूळ कळमनुरी

वाचतोय, पण मला प्रामाणिकपणे वाटतं हे पोरांनी करायचं काम आहे. वडिलांचा मेल माझ्या फोनवर आहे. मी बघतो, मीच कागद काढून ठेवतो. त्यांना ओटीपीचा आणि पासवर्डचा त्रास कशाला?

तेरणामाई, धाराशिव

बाळा, तुझा हेतू चांगला आहे, पण मला बोलू दे. माझे मालक होते तोवर पासबुक त्यांच्याकडं. ते गेल्यावर मोठ्याकडं. पैसे माझे, सही माझी, आणि किती जमा झाले हे मला दुसऱ्यानं सांगायचं. कुणी फसवलं नाही मला. पण विचारायची लाज वाटायची. आता मेल उघडून मी स्वतः बघते. वडलांना विचारून तर बघ, त्यांना बघावंसं वाटतं का.

वाहकभाऊ, बीड

माई, शंभर टक्के.

खामनदी, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही साधता येतं. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली दुसऱ्याला आपल्या मेलचा प्रवेश देता येतो. वडिलांनी मुलाचा आयडी तिथं जोडायचा. मुलगा स्वतःच्या खात्यातून वडिलांचे मेल बघतो, पासवर्ड मात्र वडिलांकडेच राहतो. सध्या तुम्ही पुण्यात लॉगिन करत असाल तर वडिलांच्या फोनवर "नवीन ठिकाणाहून प्रवेश" असा इशारा येत असेल. तो खरा की खोटा हे त्यांना कळणार नाही, आणि असे इशारे दुर्लक्षित करायची सवय लागली तर एक दिवस खरा चोर आत येईल.

शिवाय इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं हे आधीच ठरवता येतं. घरात बोलायला जड विषय आहे, पण बोलावं.

भीमाशंकरचापोर, सध्या पुणे, मूळ कळमनुरी

माई, काल रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मला वाटलं तुला वेळ नसतो, म्हणून मी मागत नव्हतो." दसऱ्याला गावी जाईन तेव्हा खामनदींनी सांगितलेलं करतो, आणि पासवर्ड त्यांच्या हातानं बदलून घेतो.

गंगथडी, नांदेड

मला जपायच्या आहेत त्या चिठ्ठ्या. मुलगी २००६ साली लग्न होऊन परदेशी गेली. तेव्हा फोन महाग, म्हणून ती मेल लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी. आज काय केलं, बाळ पाय कधी मारू लागलं, भाकरी कशी फसली, सगळं. तेव्हा मुलगा वाचून दाखवायचा. आता मला स्वतःला वाचायच्या आहेत, आणि माझ्यानंतर नातीला. त्या खात्यात सगळ्या आहेत, पण मी सहसा उघडत नाही. या वहीसारख्या कशा करू?

पूर्णाकाठ, परभणी

काकू, पहिली गोष्ट म्हणजे ते खातं उघडत राहा. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गुगल ते पुसू शकतं, आणि डिसेंबर २०२३ पासून असं पुसणं सुरूही झालं आहे. दुसऱ्या कंपन्यांची मुदत याहून कमी असू शकते. महिन्यातून एकदा उघडून एखादी चिठ्ठी वाचली तरी पुरे.

मग ज्या चिठ्ठ्या जिवाच्या आहेत त्या एकेक उघडा. मेलच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यात प्रिंट आहे. प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून सेव्ह" निवडा. नाव देताना आधी साल, मग महिना, मग विषय: २००६-११ बाळाचे पाय. सालापासून नाव दिलं की फाइली आपोआप ओळीनं लागतात. सगळ्या झाल्या की झेरॉक्सच्या दुकानात छापून बांधून घ्या. पेनड्राइव्ह दिलात तर दुकानातून परत आणायला विसरू नका, आणि मेलचा पासवर्ड तिथल्या संगणकावर टाकू नका.

खामनदी, छत्रपती संभाजीनगर

काकूंचं खातं जीमेलचं असेल तर गुगल टेकआउटमधून सगळे मेल एकदम उतरवता येतात. एक एमबॉक्स नावाची फाइल मिळते. ती थंडरबर्ड या मेल वाचायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये घेऊन संगणकावर वाचता येते. उतरवायची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेवढ्यात उतरवा. हे काम मुलाला सांगा. तुम्ही पीडीएफचं करा, त्यातच वाचून होतं.

आणि पूर्णाकाठ, एक महत्त्वाचं राहिलं. मेलमधला कागद ड्राइव्हमध्ये ठेवला म्हणजे दोन प्रती झाल्या असं बरेच जण समजतात. खातं एकच आहे. खातं बंद पडलं की दोन्ही जातात. दुसरी प्रत फोनबाहेर, खात्याबाहेर हवी.

दुधना, परतूर

पासवर्ड लिहून ठेवावा की नाही? सासरे डायरीत लिहितात, नवरा चिडतो.

मांजरातीर, लातूर

माझ्या मते घरातल्या कपाटातल्या डायरीत मेलचा पासवर्ड लिहिलेला चालेल. सत्तरीच्या माणसानं तो डोक्यात ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे, मग तो सोपा आणि सगळीकडे एकच ठेवतो, ते जास्त धोक्याचं. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र लिहायचा नाही, आणि पासवर्डाचा फोटो फोनमध्ये नको. दोन टप्प्यांची सुरक्षा चालू केली असेल तर गुगल आठ आकडी असे दहा बॅकअप कोड देतं. ते छापून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. फोन हरवला त्या दिवशी तेच उपयोगी पडतात.

वाहकभाऊ, बीड

आणखी एक अडचण सांगतो, आमच्या पेन्शनवाल्यांच्या कट्ट्यावर रोज निघते. कागद उतरतो, पण उघडताना पासवर्ड मागतो. लोकांना वाटतं मेलचाच पासवर्ड. तसं नसतं. इन्कम टॅक्सच्या सूचनेला पॅन लहान लिपीत आणि लागून जन्मतारीख, दिवस-महिना-साल. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. बँकेचा वेगळा, तो त्याच मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो. एकदा उघडला की प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ केली तर बहुतेक वेळा बिनपासवर्डची प्रत मिळते, घरी वाचायला ती बरी. जिथं डिजिटल सही आहे तिथं मूळही ठेवा, वर गोलाईचौकांनी सांगितलंच आहे.

सातमाळा, किनवट

फसवणुकीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. "तुमचा टॅक्स परत मिळणार, इथे दाबा" असे मेल आमच्या निवृत्त गुरुजींना सारखे येतात. आम्ही शिकवतो की पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, नावाखालचा पूर्ण पत्ता उघडून बघा. सरकारी पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतो. शेवट तसा असला तरी मेलमधली लिंक न दाबता वेबसाइट स्वतः उघडायची. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिला तास मोलाचा असतो, लोक दोन दिवस घरात सांगत नाहीत.

जवारीचीभाकर, जालना

तात्यांचा आयडी निघाला! वीजबिलासाठी काढला होता, कागदी बिलाऐवजी मेलवर बिल घ्यायच्या गो-ग्रीन योजनेत बिलामागं दहा रुपये सूट मिळायची म्हणून. त्यात तीन वर्षांची सगळी बिलं ओळीनं आहेत. भाडेकरूशी मीटरवरून वाद चालला होता, तात्यांनी स्वतः बिलं काढून समोर ठेवली. आता मला म्हणतात, तुझाही मेल दाखव, काय पसारा करून ठेवलास ते बघतो.

पूर्णाकाठ, परभणी

तात्यांना आमच्या वर्गात शिकवायला पाठवा, खरंच सांगतेय.

सगळ्यांचं वाचून क्रम असा बदलते. पहिल्या रविवारी खातं आपलं आहे का ते बघणं आणि स्वाइप बंद करणं. मांजरातीर आणि माई, हे तुमच्यामुळं. दुसऱ्या रविवारी शोध आणि अटॅचमेंटचं बटण. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी कागद उतरवणं, नाव देणं, स्वतःला मेल पाठवणं, प्रत्येकानं स्वतःच्याच एका खऱ्या कागदावर. पुसणं पाचव्या रविवारी, आणि दुधना म्हणतात तसं जाहिरातींपासून. जपणं आधी, या मतावर मी कायम आहे. फक्त त्याच्या अलीकडं ताबा घेणं येतं, ते मी धरलं नव्हतं.

एक अडचण उरते. खात्याबाहेरच्या प्रतीसाठी प्रत्येकाला पेनड्राइव्ह घ्यायला लावावा का? काहींना तो खर्च जड आहे, आणि फोनला जोडायचा वेगळा तुकडाही लागतो.

वाहकभाऊ, बीड

ताई, सगळ्यांना नको. चार-पाचच कागद असे असतात की ज्यांच्यावाचून अडतं. तेवढे छापून घ्यायला लावा, पाच-दहा रुपयांत काम होतं. ज्याच्याकडं फोटो, चिठ्ठ्या, शेताचे जुने कागद आहेत त्यालाच पेनड्राइव्ह सांगा.

गोलाईचौक, लातूर

आणि घेतलाच तर सी-टाइपचं टोक असलेला घ्या, वेगळा तुकडा लागत नाही. आधी फोनचं चार्जिंगचं भोक बघा, जुन्या फोनना ते बसत नाही.

गंगथडी, नांदेड

मी आज सात चिठ्ठ्या केल्या. आठवीला फोन म्हणाला जागा नाही. फोटोजमध्ये बघितलं तर सगळे सुप्रभात. ते पुसायचे कसे तेवढं कुणीतरी लिहा.

खामनदी, छत्रपती संभाजीनगर

काकू, फोनची जागा वेगळी आणि गुगलची १५ जीबी वेगळी, तुमची भरलीय ती फोनची. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथं "अनेकदा फॉरवर्ड झालेले" असा वेगळा गट दिसेल, त्यात तुमचे बहुतेक सुप्रभात असतील. नजर फिरवा, नातीचा एखादा फोटो आत नाही ना ते बघा, आणि मग पुसा.

गंगथडी, नांदेड

दोन होते नातीचे. काढून घेतले. बाकी पुसले, आठवी चिठ्ठी झाली.